लाल ठिपक्याचा दगड

डोळे मिटा आणि एक बेट मनात आणा. चहूकडे निळा समुद्र, मधे जुन्या ज्वालामुखीचे काळे डोंगर, करपलेल्या भाकरीसारखे. दुकान नाही, घर नाही. आता तिथून नवा रस्ता काढायचा आहे.

अबुधाबीच्या पश्चिमेला अशाच एका बेटावर, १९९७ साली, यम्नाचे अब्बा बदरुद्दीन ग्रेडर चालवत. ग्रेडर म्हणजे पोटाखालच्या पात्याने जमीन सपाट करणारं यंत्र. हिवाळ्याच्या सुट्टीत नऊ वर्षांची यम्ना दुबईतल्या 'बर दुबई' भागातून दोन दिवस त्यांच्याकडे आली होती. शाळेत दाखवायला तिला ज्वालामुखीचा दगड हवा होता. सकाळी फिरताना मिळालाच! काळाकुट्ट, वर लालभडक ठिपका. हा लाव्हाच, असं ठरवून तिने तो पिशवीत लपवला.

दुपारी ग्रेडरच्या सावलीत डबे उघडले. रस्त्याची आखणी करणारे विलासकाका म्हणाले, "बदरूभाई, ही रोटी आहे की चामडं?"

"दात तपासा, विलासराव!"

यम्नाने विचारलं, "अंकल, हाऊ डू यू नो, कुठे टर्न घ्यायचा?"

काका खूश झाले. "या खडकात खुंटी ठोकली तर खुंटीच मोडते. म्हणून आम्ही दगडच रंगवतो. पांढरा ठिपका म्हणजे सरळ. लाल म्हणजे इथे वळ."

"अँड इफ यू डोन्ट?"

"मग पुढे सबखा. वर मिठाची पापडी, खाली चिखल. गेल्या महिन्यात टँकर खिडकीपर्यंत रुतला. ड्रायव्हर कसाबसा वाचला."

अब्बांनी हात झटकले. "यल्ला, चला! चारपर्यंत वळण गाठतो. धुळीत दुसरं काही दिसत नाही. लाल दिसला की वळायचं, खलास."

यम्नाने लाल ठिपक्याच्या दगडाची पिशवी जवळ ओढली. सांगितलं तर अब्बा सगळ्यांसमोर रागावणार, पुन्हा कधी बेटावर आणणार नाहीत. दगड गुपचूप ठेवून यावा, तर नेमका कुठे? तिथले सगळे खडक एकसारखे. दहा पावलं चुकली तरी अब्बा चिखलात.

अब्बा शिडी चढून वर बसले. इंजिन घरघरलं.

"अब्बा, थांबा!" यम्ना ओरडली. इंजिन बंद झालं. तिने पिशवीतून दगड काढला, दोन्ही हातांनी विलासकाकांच्या पुढे धरला आणि म्हणाली, "हा मी उचलला. कुठून, ते मला आठवत नाही."