गार मातीचा अध्यक्ष

आमच्या कुओपिओ शहरातल्या बागवाडीत, जिथे प्रत्येक सभासदाला एक वाफा मिळतो, लावणी कधी सुरू करायची हे हवामान खातं ठरवत नाही, अध्यक्षांचं बूड ठरवतं. वसंतात शनिवारचं सौनातलं वाफेचं स्नान झालं की अध्यक्षांनी टॉवेल बाजूला ठेवून बटाट्याच्या वाफ्यात उघड्या बुडाने बसायचं. कपभर कॉफी निवांत पिऊन होईपर्यंत बसवलं, तर माती तापली. मग लावणी सुरू. आधी कुणी काही लावलं तर सभासदत्व जातं, आणि घोषणेनंतर आठवडाभर वाफा रिकामा दिसला तर तो रांगेतल्या पुढच्याला जातो. अध्यक्ष बसले की बाकीचे शिष्टाचार म्हणून तळ्याकडे तोंड करून उभे राहतात. यात हसण्यासारखं काही नाही. आमचे हात वर्षातले निम्मे महिने मोज्यात असतात, त्यांना मातीतलं काय कळणार?

यंदा घोटाळा झाला. जुन्या अध्यक्षांची कंबर धरली आणि राकेल निवडून आली. ही बाई हिवाळाभर तळ्यातला बर्फ फोडून पोहते. शेडच्या मागे अजून बर्फाचा ढीग होता, तेवढ्यात ती वाफ्यात बसली, दोन कप कॉफी प्यायली आणि म्हणाली, "वा! मस्त ऊब आहे!"

मी कपाळावर हात मारला. पण खरा जीव टांगणीला लागला तो टाइस्तोचा.

टाइस्तो माझा वाफाशेजारी. त्याची बायको लेम्पी नोव्हेंबरात गेली. तिच्या आईच्या अंगणातला गडद लाल डेलिया ती दरवर्षी फुलवायची. टाइस्तोचं काम कॉफीचा थर्मास आणायचं, बस्स. ती गेल्यावर, हिवाळ्यासाठी जमिनीतून काढून ठेवलेले कंद सांभाळायचं त्याच्यावर आलं. थंडी वाजू नये म्हणून काही त्याने हीटरजवळ ठेवले, त्यांचे मनुके झाले. मोकळी हवा लागावी म्हणून काही बाल्कनीत ठेवले, ते गोठून लिबलिबीत झाले. एकच वाचला, कारण तो लेम्पीच्या बुटात घरंगळला होता आणि ते बूट हलवायचं टाइस्तोच्या जिवावर आलं होतं.

राकेलच्या घोषणेनंतर तो कंद घेऊन माझ्याकडे आला. "हिल्मा, याची वरची बाजू कुठली?"

"देठाशी डोळा दिसतोय ना, तो वर. कुंडीत लाव, खिडकीत ठेव. कोंब येईपर्यंत पाणी ओतत बसू नकोस, कुजेल."

"आणि बाहेर कधी?"

"हिमकडाक्याची भीती गेल्यावर. राकेल म्हणते म्हणून नाही!"

"पण मग वाफा जाईल. लेम्पीचा वाफा."

"मग सध्या कांदा लाव ना तिथे, बाबा."

"लेम्पीने तिथे कधी कांदा लावला नाही," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी त्याने सभा बोलावली. अंत्यविधीपासून ज्याने चारचौघांत एक धड वाक्य उच्चारलं नव्हतं, तो उभा राहून म्हणाला, "माती पुन्हा तपासा."

राकेलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे माझ्या बुडावर अविश्वास?"

"बूड झकास आहे गं तुझं," मी म्हटलं, "पण बर्फाला सोकावलंय."

वाद पेटला, तसा टाइस्तो उठला, सरळ वाफ्यात गेला, विजार उतरवून बसला, आणि असा ओरडला की तळ्यावरचे पक्षी उडाले. राकेलची घोषणा रद्द झाली. मतदान झालं आणि टाइस्तो अध्यक्ष झाला. विरोधात एकच मत पडलं, त्याचं स्वतःचं.

इथून खरी पंचाईत सुरू झाली. तो रोज बसायचा आणि रोज म्हणायचा, "गार." मे संपला. "गार." तळघरात आमच्या बटाट्यांना हातभर कोंब फुटले. जूनमधल्या सणाच्या मोठ्या शेकोटीसाठी लाकडं रचून झाली, डास चावायला लागले, टाइस्तो म्हणे, "गार." आमचा उन्हाळा शिंकेसारखा, आला म्हणेपर्यंत गेला. राकेल माझ्याकडे येऊन म्हणाली, "माझं बूड निदान चुकत होतं. याचं हट्ट करतंय!"

शेवटी मी गेले. तो कुंडी मांडीवर घेऊन लेम्पीच्या वाफ्यात बसला होता. कंदाला चांगली वीतभर पालवी आली होती. मी परकर वर घेतला आणि शेजारी बसले. माती भट्टीतून काढलेल्या पावासारखी गरम होती.

"टाइस्तो, माती तापलीय."

"गार आहे."

"अरे, घाम फुटलाय तुला!"

त्याने कुंडी छातीशी ओढली. मग म्हणाला, "लावला आणि मेला तर? मग तिचं काहीच उरणार नाही, हिल्मा. कुंडीत आहे तोवर आहे."

मी तापट बाई आहे, पण या वेळी आवाज चढवला नाही. "कुंडीत ठेवलास तरी मरेल," मी म्हटलं. "जरा उशिरा, एवढंच."

त्याने कुंडी माझ्या हातात दिली आणि हातानेच खड्डा केला. कुंपणापाशी बटाट्याच्या बादल्या घेऊन सगळी बागवाडी तळ्याकडे तोंड करून उभी होती. "लावला!" मी ओरडले, आणि जी धावाधाव झाली म्हणता.

उशिरा लावल्याने आमचे बटाटे गोट्यांएवढेच राहिले, ते सोडा. ऑगस्ट संपता संपता डेलियाला एक कळी आली. टाइस्तो रोज तिच्यासमोर उभा राहायचा. ती उमलायच्या आतच सप्टेंबरचा पहिला हिमकडाका पडला आणि सकाळी कळी काळी पडलेली. त्याच्याकडे बघायचं मला धाडस होईना. "झाड गेलं तरी कंद काढावा लागतो," एवढंच कसंबसं म्हटलं.

त्याने जपून खणलं. वर आला तो एक कंद नव्हता, जाड बोटांसारखा घोसच होता. टाइस्तो तिथेच मातीत बसून हसत सुटला, आणि हसता हसता रडला.

दुसऱ्या दिवशी तो घोस कापून, प्रत्येक तुकड्याला डोळा राखून, कागदात गुंडाळून दारोदार फिरला. आधी राकेलकडे गेला, मग माझ्याकडे आला.

"हा तुझ्याकडे असू दे. माझ्या हातून गेला, तर तुझ्याकडे मागायला येईन."

"आणि माझ्याही हातून गेला तर?"

"मग दोघं मिळून राकेलकडे जाऊ," टाइस्तो म्हणाला.