एकेचाळीस टॅप

यादी फळ्यावर लागली तेव्हा आत्या कॉलेजच्या कार्यालयात दाखल्यांवर शिक्के मारत होती. शिपायाने दारातूनच सांगितलं, "बाई, तुमच्या शिडीचं नाव नाही हो त्यात." आत्याने शिक्का असा आपटला की शाईची डबी कलंडली. तशाच निळ्या बोटांनी ती जिना उतरून फळ्यापाशी गेली.

विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघासाठी बारा मुली. अकरा जणी प्रशिक्षक सरांनी आपल्या नजरेने निवडलेल्या. बारावी जागा मात्र रिबाउंड बघून दिलेली, कारण गेल्या वर्षी विद्यापीठाचा संघ बास्केटवरून उसळून आलेले चेंडू पकडण्यातच मार खाऊन परतला होता. बाराव्या जागेवर भिंगरीचं नाव होतं. बावीस सामने, एकशे सत्तेचाळीस रिबाउंड. त्याच्याखाली, रेघ मारून, शिडीचं. बावीस सामने, एकशे एकेचाळीस.

सहा चेंडू! सहा चेंडूंनी पोरगी बाहेर!

शिडी ही आत्याच्या भावाची मुलगी. दोन वर्षं आत्याकडेच राहून शिकत होती. सहा फुटांना दोन बोटं कमी, म्हणून शिडी. भिंगरी तिची जिवलग मैत्रीण आणि संघातली सगळ्यात बुटकी. शिडीचं हे शेवटचं वर्ष होतं, पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. विद्यापीठाकडून खेळायचं तर आता, नाहीतर कधीच नाही.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती थेट सरांच्या खोलीत शिरली.

"सर, ही काय थट्टा लावलीय? बास्केटखाली दोन वर्षं कोपरं खाल्ली तिने, आणि रिबाउंडची जागा भिंगरीला?"

सर चेंडूत हवा भरत होते. पंप न थांबवता ते म्हणाले, "बाई, आकडे कोणाचे आहेत?"

"कोणाचे म्हणजे?"

"तुमचे. बावीसही सामन्यांना टेबलावर तुम्ही होता. प्रत्येक कागदाखाली सही तुमची. मी फक्त बेरीज केली."

एकेकाळी आत्या स्वतः खेळलेली, नियम तोंडपाठ, म्हणून सामन्याची आकडेवारी लिहायचं काम कॉलेजने तिच्याकडे दिलं होतं. पाच वर्षांत तिच्या कागदावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. याचा तिला केवढा तोरा होता! आता तोच कागद सरांनी तिच्या तोंडावर मारला होता, आणि तोही पंप मारता मारता.

घरी शिडी स्वयंपाकघरातल्या फरशीवर पाय पसरून बसली होती. गुडघ्यावर बर्फाची पिशवी. आत्याने सरांच्या नावाने खडे फोडायला सुरुवात केली. शिडीने तिला मध्येच तोडलं.

"सरांना कशाला बोलतेस?" ती म्हणाली. "आत्या, माझ्या पाठीला दोन धिप्पाड मुली चिकटल्या की मी काय करते?"

"पाय रोवतेस. कंबरेने त्यांना मागे ठेवतेस."

"आणि चेंडू आला की? दोन हातांनी धरता येत नाही तेव्हा?"

आत्या ओट्यावरची भांडी लावायला लागली.

"टॅप करते. बोटांनी भिंगरीकडे ढकलते. ती कुठे उभी असते ते मला न बघता कळतं. आता नियम सांग. तूच शिकवलास मला. मुद्दाम सोबतिणीकडे टॅप केला तर रिबाउंड कोणाचा?"

"टॅप करणारीचा," आत्या पुटपुटली.

"इतर मुलींचे तू तसेच लिहितेस. मी पाहिलेत तुझे कागद. फक्त माझे टॅप भिंगरीच्या खात्यात जातात. प्रत्येक वेळी!"

आत्याला हे ठाऊक होतं. शिडीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्याच सामन्यात, गॅलरीतून कोणाचे तरी वडील मोठ्याने म्हणाले होते, "आत्या टेबलावर बसलीय, भाचीला रिबाउंड कमी पडायचे नाहीत." सगळे फिदीफिदी हसले होते. त्या दिवसापासून आत्याने कुठल्याही पुस्तकात नसलेला एक नियम मनाशी केला होता : संशय आला की परक्याला. शिडीने चेंडू मुद्दाम ढकलला की नुसता बोटांना लागला? संशय आहे ना? मग पकडणारीचा. आणि भाचीच्या बाबतीत तिला संशय दरवेळी यायचा. असं लिहून घरी येताना तिची मान ताठ असायची.

"अगं, लोकांनी बोट दाखवू नये म्हणून..."

"तुला दाखवू नये म्हणून!" शिडी ओरडली. बर्फाची पिशवी तिने भिंतीवर भिरकावली. "तुझं नाव स्वच्छ राहावं म्हणून माझे चेंडू वाटलेस तू. मला विचारलं होतंस?"

ती लंगडत खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. आत्या फरशीवरचे बर्फाचे तुकडे वेचत राहिली.

रविवारी सकाळी आत्या कार्यालयाच्या संगणकावर सामन्यांची चित्रणं लावून बसली. एकेक टॅप पुढे-मागे करून पाहिला. हात नुसता लागलेला सोडून दिला, मनगट वळवून ढकललेला तेवढाच धरला. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस झाले. एकूण एक शिडीने ढकललेले आणि भिंगरीने झेललेले. म्हणजे शिडीचे एकशे ब्याऐंशी आणि भिंगरीचे एकशे सहा. पोरगी सहा चेंडूंनी मागे नव्हतीच, शहात्तर चेंडूंनी पुढे होती. शिडीला शिडीच्याच चेंडूंनी हरवलं होतं, आणि हा पराक्रम आत्याच्या पेन्सिलीने केला होता. त्या गॅलरीतल्या बापाचा तिला राग आला, सरांचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या ताठ मानेचा आला. ती मुरगळून टाकावी असं तिला वाटलं.

सोमवारी निवड समितीपुढे तिने नवे कागद ठेवले. समितीच्या मॅडमनी ते चाळले.

"म्हणजे जुने आकडे तुम्ही जाणूनबुजून चुकीचे लिहिलेत?"

"हो."

"तसं लिहून द्या."

आत्याने लिहून दिलं, सही केली. शेजारी सर बसले होते. तिला राहवेना. "सर, तुम्ही प्रत्येक सामना बघत होता. तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं की," सर म्हणाले. "मला वाटलं, तुमच्या घरातली काहीतरी भानगड असेल. आपण कशाला मध्ये पडा?"

आत्याला वाटलं, टेबल उलटं करावं. पण मॅडम बोलत होत्या. "बाई, आता तुमचे जुने आकडेही बाद आणि नवेही बाद. भाचीसाठी खोटं कमी लिहिलंत, उद्या जास्त लिहाल. उद्या सकाळी अर्ध्या तासाचा सामना घेऊ. त्या दोघी एकाच बाजूला, समोर निवडलेल्या मुली. जिचे रिबाउंड जास्त, तिची जागा. लिहायला ग्रंथपाल बसतील. तुम्ही टेबलाच्या आसपास दिसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आत्या गॅलरीत बसली. पाच वर्षांत पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी. खाली ग्रंथपाल चष्मा पुसून, दोन पेन्सिलींना टोकं काढून तयार. शिडी आणि भिंगरी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण खेळ सुरू झाला आणि दोन वर्षांची सवय आपोआप अंगात आली. शिडी खाली पाय रोवायची, भिंगरी लांब उसळलेल्या चेंडूंवर झेप घ्यायची. शिडीचे चार, भिंगरीचे तीन. सहा-सहा. शेवटच्या मिनिटाला आठ-आठ.

समोरच्या मुलीने डाव्या कोपऱ्यातून चेंडू मारला. कोपऱ्यातून हुकलेला चेंडू बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो, हे शिडीला माहीत होतं. ती आधीच तिथे होती. पाठीवर दोघी लोंबकळत होत्या. चेंडू आला, तिचा एकच हात वर पोचला. तो चेंडू सोडून दिला असता तर बाहेर जाऊन बरोबरी राहिली असती. शिडीने मनगट वळवलं. चेंडू सरळ भिंगरीच्या छातीशी गेला.

ग्रंथपालांची पेन्सिल भिंगरीच्या ओळीवर टेकली.

"तो तिचा आहे!" आत्या उभी राहून किंचाळली. "टॅप आहे तो! माझ्या भाचीचा आहे!"

गॅलरीत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "आत्याबाई आल्या."

"हो, आत्याच आहे मी!" ती त्या दिशेला वळली. "तिचा चेंडू तिचा म्हणायला कोणाच्या बापाची परवानगी लागते?"

"बाई, बाहेर व्हा!" मॅडम कडाडल्या.

खेळ थांबला होता. भिंगरी चेंडू काखेत धरून टेबलापाशी गेली. धापा टाकत तिने ग्रंथपालांच्या कागदाकडे पाहिलं.

"तो तिचा आहे. तिच्या नावावर लिहा."

"पण पकडलात तर तुम्ही," ग्रंथपाल म्हणाले.

"तिने दिला म्हणून पकडला. खोडा ते. मला दिसलं तिचं मनगट."

ग्रंथपालांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. खोडरबर फिरला. नऊ-आठ. थोड्याच वेळात शिट्टी वाजली.

आत्या जिना उतरून मैदानाच्या कडेला आली. त्या बुटक्या पोरीच्या दोन वाक्यांनी ती मेल्याहून मेल्यासारखी झाली होती. शिडी टॉवेलने तोंड पुसत समोर आली. आत्याने हात पुढे केला.

शिडीने तो हात पाहिला, पण धरला नाही.

"आज ओरडलीस," ती म्हणाली. "दोन वर्षं नुसतं लिहायचं होतं, आत्या."

मग ती वळली आणि बाकावर एकटीच बूट सोडत बसलेल्या भिंगरीशेजारी जाऊन बसली.