कोब्यात उमटलेलं नाव

तलासरीकडच्या त्या पाड्यावर समाजमंदिराच्या नव्या कोब्याभोवती सगळे जमले होते. देवजी भगताने पुटपुटत कोरड्या कोब्यावर घागर रिकामी केली. पाणी उन्हात सुकू लागलं, आणि कुठेच काही नव्हतं तिथे एक काळी, वाकडी रेघ उमटली. मधल्या खांबापासून निघून ती रूपीच्या झोपडीच्या दिशेने गेली होती.

"आई लिवते," देवजी देवीला हात जोडून म्हणाला. "तुमाला नाय वाचता येणार. ही अक्षरं शाळेत शिकवत नाय."

कोणी हसलं नाही. पाड्यावरची दोन मुलं तापाने दगावली होती. त्यांना खाणारी भुताळी, म्हणजे चेटकीण, कोण, एवढंच सगळ्यांना हवं होतं. रूपी विधवा, एकटी. तिने पाडा सोडावा असं तिथेच ठरू लागलं.

तिची भाची संगीता माझी विद्यार्थिनी; मी डहाणूला बांधकाम शिकवते. तिनेच मला आणलं होतं. मी गवंड्याला विचारलं. सळ्यांची जाळी टाकली होती, पण काँक्रीट ओतताना माणसं तिच्यावरून चालली आणि ती तळाला मातीवर बसली. मी लोकांना सांगितलं की काँक्रीट वाळताना आकसतं, खालची जमीन त्याला धरून ठेवते, म्हणून ते फाटतं. बहुधा खांबाच्या कोपऱ्यापासून. जाळी आकसणं थांबवत नाही, पण वरच्या अंगाला उचलून ठेवली तर भेग रुंदावू देत नाही. बारीक भेग कोरडेपणी दिसत नाही. पाणी तिच्यात शिरतं, भोवतालचं सुकतं, ती ओली आणि काळी राहते.

पटेना, म्हणून सगळ्यांना शाळेच्या ओट्यावर नेलं. संगीताने नळाचं पाणी ओतलं, मंत्र न म्हणता. आम्ही थांबलो. तिथेही खांबांच्या कोपऱ्यांतून रेघा उमटल्या.

पाड्यातल्या म्हाताऱ्या तुक्याबाबांनी वाकून एका रेघेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, समजलं.

"म्हंजे शाळेतबी पोचली ती भुताळी," ते सावकाश म्हणाले.

बायकांनी मुलांना ओट्यावरून खाली ओढलं. देवजीला काही बोलावंच लागलं नाही.

रूपीने बोचकं बांधलं. "बाई, शेणाची जमीनबी फुटायची," ती मला म्हणाली. "मी सारवून घ्यायची. तवा कोण काय नाय बोललं." मग शेळी घेऊन ती उंबरगावकडे, नात्यातल्या कुणाकडे गेली.

ताप थांबला नाही. रक्त तपासायला एकही मूल कोणी नेलं नाही. देवजीने आता पुढचं नाव काढायला कोब्यावर पुन्हा पाणी ओतलं आहे.

माझं सांगणं साधं आहे. जमिनीवर रेघ दिसली तर ती कशाने पडली ते विचारा. मूल तापलं तर आधी आरोग्य केंद्रात न्या. आणि कुणा बाईचं नाव घेतलं जात असेल, तर तिच्या दारात जाऊन उभे राहा. रूपीच्या दारात संगीता आणि मी उभ्या होतो. दोघी पुरल्या नाहीत.