बांगडी न वाजलेला खून

“पावलं वाजली,” पुष्पावती म्हणाली. “मऊ. अनवानी. दुसरं कायबी वाजलं न्हाई. मंग दारावर थाप पडली.”

विड्या वळणाऱ्या बायांच्या माना वर झाल्या. हात चालूच होते.

“अगं, पन उघडलं का दार?” राहीबाई खेकसली.

“बाई उठली. कडीला हात लावला. आन्...”

तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. पुष्पानं पदर झटकला. “आता शेवटचा भाग शनवारी. सोमवारी सांगते.”

“तुझ्या तोंडाला काय म्हनावं, भवाने!” साळूबाईनं हसत शिवी घातली आणि आपल्या सुपातल्या मूठभर विड्या पुष्पाच्या सुपात टाकल्या. मग राहीबाईनं टाकल्या. मग एकेक करून सगळ्यांनी.

छबूबाईनं ते बघितलं आणि आपलं सूप जवळ ओढलं.

गोष्टीतलं ते दार तिचं होतं. कडीला हात लावून थांबायचं, ही तिची रीत. नगरच्या या शेडमध्ये आजवर गोष्ट सांगणारी एकच होती, ती छबूबाई. पाटलाच्या विहिरीतला मुडदा, सोनईच्या बाजारात आलेला मुका माणूस, नेवाश्याच्या घाटावर सापडलेला एक जोडा, सगळे खून तिनेच केले आणि तिनेच उकलले. सांगणारीचे हात मागं पडतात, म्हणून ऐकणारीनं मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायच्या, हा शेडचा रिवाज. मालकानं कुणाला घोटभर पाणी विचारलं नाही कधी. बायांची सोय बायांनीच केली होती.

आणि आता छबूबाईची बोटं आखडली होती. ती वळायची त्यातल्या निम्म्या विड्या तपासनीस फेकून द्यायचा. तिची चूल त्या मुठींवरच पेटत होती.

ही पुष्पा आली काल-परवा. संध्याकाळी सावेडीला एका वकिलाच्या बंगल्यात पोळ्या लाटायला जायची. वकिलानं नुकताच टीव्ही आणला होता. गच्चीवर ताडासारखा खांब उभा केला की पुण्याचं चित्र नगरात दिसतं म्हणे. त्यावर दर शनिवारी एका खुनाचं नाटक लागायचं, तुकड्या-तुकड्यानं. पुष्पा ते सोमवारी शेडमध्ये सांगायची.

“मावशे, राग नको धरू,” राहीबाई भाकरी मोडत म्हणाली. “पन तुझं सगळं ऐकीव. हिनं डोळ्यानं बघितलेलं हाय.”

छबूबाईनं आपली भाकरी तशीच फडक्यात बांधली. तिनं पुष्पाला आडवाटेला गाठलं. “मला बी ने की गं शनवारी. बघू दे तुझा टीव्ही.”

पुष्पाचा चेहरा उतरला. “नगं, मावशी. बाईसाहेबांना चालायचं न्हाई.”

“मी काय चोरी करनार हाय का?”

“तसं न्हाई... पन नगं.”

माजली कार्टी, छबूबाईला वाटलं. हिला वाटतं, टीव्ही हिच्या बापाचा.

शनिवारी ती एकटीच गेली. वकिलाच्या दिवाणखान्याच्या खिडकीला बाहेरून माळी, ड्रायव्हर, शेजारच्या मोलकरणी चिकटल्या होत्या. घरात येऊ देत नव्हते, पण खिडकी उघडी ठेवली होती. आपला टीव्ही लोकांनी बघावा एवढी माया त्या घराला होती. छबूबाईनं मान घुसवली.

वारूळ फुटून मुंग्या पळाव्यात तसं पडद्यावर दिसत होतं. त्या मुंग्यांतून एक साहेब खुर्चीत बसून बोलत होता. बोलत होता, बोलत होता. खून दिवाणजीनं केला म्हणे. का केला, कसा केला, सगळं त्या साहेबानं बसल्या बसल्या सांगून टाकलं. दिवाणजीनं मान खाली घातली. झालं! मधे एकदा घरातली विधवा जाऊ हातात दिवा घेऊन आली आणि दिवा फुंकून गेली, तेवढाच एक जीव त्यात होता.

‘हात्तिच्या!’ छबूबाईला वाटलं. ‘आधी अंगावर काटा तरी आणायचा. माणसाला वाटलं पाहिजे, अरे, हे तर माझ्या कानाखालीच घडलं आन् मला कळलं कसं न्हाई! हे असं हिशेब सांगितल्यासारखं सांगून कुनाचं पोट भरंल?’

मग तिनं दिवाणखान्यात पुष्पाला शोधलं. ती नव्हती.

छबूबाई बंगल्याला वळसा घालून मागं गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उजेड येत होता. दिवाणखान्याचं दार बंद होतं. पुष्पा स्टोव्हसमोर बसली होती, दाराकडे पाठ करून. एक कान दाराकडे कलता. हातात लाटणं तसंच थांबलेलं. तव्यावरची पोळी काळी पडत होती. पुष्पाचे ओठ हलत होते.

तिनं टीव्ही बघितलाच नव्हता. कधीच. ती फक्त ऐकत होती.

छबूबाई एक पाऊल मागं सरकली. पाऊल वाजलं. पुष्पानं मान वळवली. “कोन हाय तिथं?”

छबूबाई अंधारात सटकली. वाटेनं ती एकटीच हसत होती. सापडलीस! सोमवारी शेडमध्ये सांगते. बायांनो, ही टीव्ही बघत न्हाई, ही तवा बघते! खरा खुनी बी मीच सांगते, दिवाणजी! बघू मग कोण टाकतं तुझ्या सुपात विड्या.

घराचं कुलूप काढता काढता ते हसू विझलं. म्हणजे ती पावलं, ती कडी, ते सगळं पोरीनंच रचलं होतं. टीव्हीपुढं हरले म्हटलं असतं, तर चाललं असतं. टीव्ही म्हणजे वकिलाचा पैसा, पुण्याची वीज. पण हरले ते ह्या पोळ्या लाटणाऱ्या पोरीपुढं. आणि ते आतून जाळत गेलं, रविवारभर.

सोमवारी शेड गच्च होती. पुष्पानं सुरुवात केली.

“साहेबानं समद्या बायांना बोलवलं. म्हनला, एकेकीनं ह्या दारातनं चालत या. थोरली आली, बांगड्या वाजल्या. धाकटी आली, बांगड्या वाजल्या. मोलकरीन आली, तिची काचेची एक बांगडी, पन ती बी वाजली. साहेब म्हनला, खुनाच्या राती पावलं वाजली, पन बांगडी वाजली न्हाई.”

“आगं बया!” साळूबाईची कात्री थांबली. “विधवा जाऊ! पयल्या दिसापास्नं घरात फिरतीया, आन् आपल्याला वाटलं बिचारी!”

“तूच सांगितलंतंस गं, दुसरं कायबी वाजलं न्हाई म्हनून!” राहीबाईनं कपाळावर हात मारला.

छबूबाईनं आपल्या मनगटांकडं बघितलं. नवरा गेल्यापासून त्यांत बांगडी नव्हती. मान वर केली तेव्हा पुष्पा तिच्याकडंच बघत होती. शनिवारी खिडकीमागं पाऊल वाजलं होतं, बांगडी वाजली नव्हती. पोरीनं ओळखलं होतं कोण ते. आणि तेच उचलून गोष्टीत घातलं होतं.

“मावशे,” राहीबाई म्हणाली, “तू बी गेल्तीस म्हनं शनवारी सावेडीला? माळ्याच्या बायकोनं बघितलं. असंच हुतं का गं?”

पुष्पाच्या हातातली विडी सुटली. दोरा लोंबकळत राहिला.

छबूबाईच्या जिभेवर दिवाणजी होता. नुसतं तोंड उघडायचं होतं. तिनं पुष्पाच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिला त्या पोरीचा जीव घ्यावासा वाटला. इतकी चांगली गोष्ट तिला स्वतःला कधी सुचली नव्हती.

“व्हय,” ती म्हणाली. “आसंच हुतं.”

मग राहवलं नाही. “पन दार वाजवायच्या आधी तिच्या हातात दिवा हुता. तिनं तो फुंकला. ते सांगायचं ऱ्हायलं तुझं, पुष्पे. दिवा इझल्याबिगर खून व्हत न्हाई.”

“ऱ्हायलं खरं, मावशी,” पुष्पा पुटपुटली.

बायांच्या मुठी पुष्पाच्या सुपात पडू लागल्या. छबूबाईनं आपल्या सुपातल्या विड्या चाचपल्या, त्यातल्या बऱ्या निवडल्या आणि तिनंही टाकल्या. मग कात्री उचलून पान कापायला घेतलं. बोटं वळत नव्हती. तिचं मनगट खालीवर होत राहिलं, आवाज न करता.