रविवारचे पाणी

विश्वजितने चाकाला अखेरचा पीळ दिला आणि लोखंडी फळी चौकटीत वर सरकली. खाली शहराचे सांडपाणी क्षणभर अडखळले. मग शुद्धीकरण केंद्राची वाट सोडून उजव्या हाताच्या उघड्या चरात शिरले आणि नदीच्या दिशेने चालू लागले. काळे, जड, कुणाची भीड नसलेले.

“पंप बंद कर,” तो ओरडला.

पंपघरातली घरघर थांबली. ज्या हौदात हे पाणी उंचावरून आदळते आणि फेसासकट दुर्गंधी वर फेकते, त्याच्या कडा ओल्याच राहिल्या. आदळणे तेवढे थांबले. उमर हात पुसत बाहेर आला. दहा वर्षे दोघे एकाच पाळीत काम करत होते.

“गावाच्या सोयरिकी जुळवून जुळवून दमलास. आज सोताच्या सोयरिकीला सोताच चाक फिरवायलास. धू ते हात, हळद लागायची हाय त्यांला.”

“मी फोन केल्याबिगर चालू करू नगंस. पावणं चारला येत्यात.”

“न्हाय करत. पण लगीन झाल्यावर काय? वैनी आली की रोजच बंद ठिवायचं व्हय?”

विश्वजित हसला नाही. त्याने नळाखाली हात धरले आणि कोपरापर्यंत साबण चोळत राहिला.

केंद्राच्या कुंपणाला लागून चाळीस उंबऱ्यांचा जांभूळमळा होता. पंधरा वर्षांपूर्वी मळ्याची निम्मी जमीन या हौदांखाली गेली, तेव्हा फाटकावर एक मोठा फलक लागला होता. त्यावरच्या चित्रात हौदांना झाकणे होती, घाण हवा गाळणारी यंत्रणा होती आणि कुंपणाभोवती झाडांचा दाट पट्टा. प्रत्यक्षात हौद तेवढे जमिनीवर उतरले. झाडे फलकावरच हिरवी राहिली आणि उन्हाने तिथेच वाळली. झाकणांचे काय, असे विचारल्यावर ठेकेदाराचा इंजिनिअर म्हणाला होता, “दुसऱ्या टप्प्यात.”

आता दुसरा टप्पा चालू होता. विश्वजितच्या वडिलांच्या, पिराजींच्या, उरल्यासुरल्या वावरात नव्या टाकीची गोल भिंत पुरुषभर उठली होती आणि तिच्या डोक्यावर सळ्यांचे रान माजले होते. मागच्याच आठवड्यात विश्वजितने कामाचा नकाशा मागून घेतला, बोटाने रेघ न् रेघ तपासली. झाकणे नव्हती. “ती तिसऱ्या टप्प्यात धरलीत,” मोबाइलवरून नजर न उचलता इंजिनिअर म्हणाला. तेव्हा विश्वजितच्या हातातला कागद मधोमध फाटला. फाटला की त्याने फाडला, हे त्यालाही सांगता आले नसते. हवा न मिळालेले पाणी जसे तळापासून काळे पडत जाते, तसा त्याचा राग वर्षानुवर्षे आतल्या आत काळा पडत होता.

वासापायी मळ्यात कुणी मुली देईना. घर बघायला आलेले पाहुणे अंगणातच नाकाला रुमाल लावत, चहाची बशी अर्धी ठेवून उठत. मग कुणाला तरी सुचले: तेवढा दिवस पाणी परभारे नदीला सोडले तर? पहिले चाक विश्वजितनेच फिरवले. ते लग्न झाले. मग दुसरे झाले, पाचवे झाले, आणि रीतच पडली. ज्याच्या घरी पाहुणे, त्याने शनिवारी केंद्रावर निरोप द्यायचा. घर बघायला माणसे रविवारी निघतात, आणि रविवारी तपासणीला कुणी फिरकत नाही. यात आपले काही चुकते आहे, असे विश्वजितला कधी वाटले नाही. शहराने आपली घाण मळ्याच्या नाकात कोंबली होती. मळ्याने आठवड्यातून काही तास ती झिडकारली, इतकेच. नदी पुढे कुठे जाते, हे त्याने मनात येऊ दिले नव्हते.

चौतिसाव्या वर्षी, अकरा नकारांनंतर, त्याला होकार आला होता. पंधरा दिवसांपूर्वी तो नदीच्या खालच्या अंगाला कुरणवाडीत स्नेहलला बघायला गेला. तिने एकच प्रश्न विचारला होता.

“तुम्ही खरंच पाणी साफ करता?”

“करतो.”

तिने मान खाली न घालता त्याच्याकडे पाहिले आणि आत जाऊन सांगितले, चालेल. जमीन किती, नोकरी पक्की की ठेक्यावरची, यातले काहीच तिने विचारले नव्हते. परतीच्या वाटेवर, मोटारसायकलवर, तो अनेक वर्षांनी गुणगुणला होता.

चार वाजता जीप अंगणात थांबली. स्नेहलचे वडील हंबीरराव उतरले आणि त्यांच्यामागून, चालकाच्या खांद्याचा आधार घेत, तिची आजी बनाबाई. हंबीररावांनी उभ्या उभ्या छातीभर श्वास घेतला. पिराजी आणि शालूबाई, दोघेही त्या श्वासाकडे डोळे लावून होते.

“लोक म्हणत हुते, उभं ऱ्हावत न्हाय तितं,” हंबीरराव म्हणाले. “काय न्हाय की हो! आमच्या गोठ्याचा वास यापरास जास्त हाय.”

“माणसांला काय, बोलाया कायतर पायजेच,” पिराजी म्हणाले, आणि जरा जास्तच मोठ्याने हसले.

घर बघून झाले. परडे, न्हाणी, माळा, सारे दाखवून झाले. चुलत्याच्या घरची नवी सून, संयोगिता, शालूबाईंच्या हाताखाली आली होती. पोट दिसू लागले होते. पदर सावरत, सावकाश पावले टाकत तिने पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या. शालूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. बनाबाईंनी तो हाताने अडवला आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली.

“रागाला येऊ नगासा. दुसऱ्याचं पाणी प्यायची छातीच हुईत न्हाय आता.”

“आवो, आमचं वरच्या अंगाचं हाय,” शालूबाई म्हणाल्या. “चांगलं हाय.”

“म्हणून तर पोरगी हिकडं द्यायची,” हंबीरराव म्हणाले. “खाली न्हाय द्यायची. गेल्या उन्हाळ्यात, चैतात, कावीळ आली आमच्या गावात. घरटी एक माणूस आडवं. स्नेहल बावीस दिवस दवाखान्यात हुती, परीक्षा बुडली तिची.”

“थोरली नातसून गेली,” बनाबाई म्हणाल्या. पोह्यातला शेंगदाणा त्यांनी बोटाने बशीच्या कडेला सारला. “सा म्हैन्याची पोटुशी हुती.”

संयोगिता दारातच थांबली.

“तवापास्नं पोरीनं एक धरलंय,” हंबीरराव सांगू लागले. “नळाला पाणी आलं की बाटलीत धरती, उजेडात बघती, हुंगती, आन् वहीत तारीख लिवती. वरीस झालं. तिनं काढलंय सोधून. वास मारला की सोमवारीच मारतोय. एकांदा सोमवार सुटतो, पण मंगळवारी, बुधवारी असा कवा न्हाय. म्हंजे रविवारी वरनं कोणतरी सोडतंय. कारखाना असंल कुटला. सुट्टीचं कोण बघतंय म्हणून.”

“कोण हाय त्याचा मुडदा बशिवला,” बनाबाई म्हणाल्या. शिवी देताना त्यांचा आवाज चढला नाही. रोजचे देवाचे नाव घ्यावे तसे त्या बोलल्या. मग विश्वजितकडे वळल्या. “तुजं समजलं तवा पोरगी म्हणली, आजी, ह्यो पाणी साफ करणारा हाय, ह्यालाच करायचं. पुण्याचं काम करतोस बाळा.”

विश्वजितचा घास हातात तसाच राहिला. त्याने वडिलांकडे पाहिले. पिराजी चटईची निघालेली काडी खोचत होते. आईने साखरेच्या डब्याचे झाकण लावले, उघडले, पुन्हा लावले. दारातली संयोगिता भिंतीला टेकली. म्हणजे सगळ्यांना कळले होते. या खोलीत न कळलेली माणसे दोनच होती, आणि ती पाहुणी होती.

“घ्या की, च्या निवतोय,” पिराजी एकदम म्हणाले. “आता तारखंचंच बोलूया. वैशाखात चांगलं मुहूर्त हायत.”

तो गडबडीचा, गोड केलेला आवाज विश्वजितच्या कानात खिळ्यासारखा शिरला. हाच आवाज. दुसऱ्या टप्प्यात, तिसऱ्या टप्प्यात. खिडकीतून नव्या टाकीची राखाडी भिंत दिसत होती. इतकी वर्षे त्याचा संताप त्या भिंतीवर जाऊन आदळत आला होता. आज पहिल्यांदा त्याला आपले दोन्ही हात दिसले, आणि ते फोडून काढावेत असे वाटले. बशी खाली ठेवून त्याने खिशातून फोन काढला. उठून बाहेर गेला नाही. तिथेच, सर्वांसमोर, बोलला.

“उमर. फळी पाड. पंप चालू कर.”

“गेलं व्हय पावणं?” उमरचा आवाज खोलीभर ऐकू आला.

“न्हाय. हायत.”

“डोस्कं फिरलं काय तुजं? जमलेलं मोडशील की.”

“चालू कर.”

“विश्वा!” पिराजी अर्धवट उठले.

“आण्णा, बसा खाली.”

या सुरात तो वडिलांशी कधी बोलला नव्हता. पिराजी बसले.

“काय अडचण हाय का?” हंबीररावांनी विचारले.

“न्हाय मामा. धा मिंटं बसा. मग ठरवा.”

पिराजी वैशाखातल्या तिथ्या सांगत राहिले. अक्षय तृतीया, मग तेरस, मग त्यांच्या बोलण्यातले दुवे सुटू लागले आणि ते एकच तिथी पुन्हा सांगू लागले. कुंपणापलीकडे घरघर सुरू झाली होती. नदीकडून वारा होता. आधी खिडकीचा पडदा हलला. मग तो वास आला. घाईने नव्हे, घरचा मालक संध्याकाळी परततो तसा, कुणाला न विचारता. तो बशांवर बसला, चहावर बसला, शालूबाईंच्या नव्या लुगड्याच्या घडीत शिरला. सडलेल्या अंड्याचा, कुजल्या चिंध्यांचा, एका सबंध शहराच्या पोटातला वास.

हंबीररावांनी रुमाल नाकाला लावला.

“हे काय?”

“रोजचं हाय.”

“मग मगाशी?”

“मगाशी ते तुमच्याकडं निघालं हुतं,” विश्वजित म्हणाला.

हंबीररावांना कळायला वेळ लागला. विश्वजितने तो वेळ जाऊ दिला नाही.

“कारखाना न्हाय, मामा. मी हाय. मळ्यात पावणं आलं की घाण नदीला सोडायची, म्हंजे वास येत न्हाय. पावणं रविवारी येत्यात. चाक मीच फिरवतो. आजबी मीच फिरवलं.”

शालूबाईंच्या तोंडून हुंदक्यासारखे काही निघाले आणि त्यांनी ते पदरात दाबले. हंबीरराव उभे राहिले. त्यांचा हात वर गेला. मारण्यासाठी की काही विचारण्यासाठी, ते त्यांचे त्यांनाही ठरवता आले नाही. तो खाली आला.

“तुमच्या घरात लेकरंबाळं हायत का न्हाईत?” ते पिराजींना म्हणाले. मग विश्वजितला, “पोरीला काय सांगू मी आता?”

“हाय ते सांगा.”

“आई, ऊठ,” म्हणत हंबीरराव बाहेर पडले. अंगणात जीपचे दार आपटले.

बनाबाई उठल्या नाहीत. त्यांनी नाकाला पदरही लावला नव्हता. जमिनीकडे बघत त्या काहीतरी मनाशी जुळवत होत्या.

“गेल्या चैतात,” त्यांनी विचारले, “कुणाचं जमलं मळ्यात?”

“आता ते कशाला, आक्का…” पिराजी पुटपुटले.

“चुलतभावाचं,” विश्वजित म्हणाला. “यशराजचं.” मग मान न फिरवता तो म्हणाला, “ही त्याची बायको.”

संयोगिता दारात होती. रिकाम्या बशा उचलायला म्हणून तिने मोठा पितळी ट्रे आणला होता आणि तो पोटासमोर धरून ती उभी होती. बनाबाईंनी तिच्याकडे पाहिले. खूप वेळ पाहिले. अंगणात जीपचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला.

“हिकडं ये.”

ती मार खायला यावे तशी आली.

“कितवा?”

“सहावा.”

गुडघ्यावर हात रोवून, कुणाचा आधार न घेता बनाबाई उठल्या. मग तिच्या हातातला तो ट्रे काढून घेऊन त्यांनी खाली ठेवला.

“जड उचलू नगंस ह्या दिसांत,” त्या म्हणाल्या.