ओसरीवरचा दिवा लागला असेल तर

मी एक जुनी वेबसाइट आहे. तुम्ही म्हणाल, वेबसाइट कसली जुनी? खरे आहे मित्रांनो, मला फार वर्षे झालेली नाहीत. पण ज्या वस्तूला कोणी हात लावत नाही ती लवकर जुनी होते.

माझा जन्म कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका लहान गावाच्या वाचनालयात झाला. लेसियाबाईंना पेरोगीचा धंदा सुरू करायचा होता. पेरोगी म्हणजे बटाटा आणि चीजचे सारण भरून उकडलेल्या छोट्या करंज्या. गावच्या युक्रेनी चर्चच्या तळघरात बायका जमून त्या वळत असत. चर्चला कुलूप लागले, तेव्हा लेसियाबाईंनी घरच्या ओट्यावरच काम मांडले. गावात माणसे थोडी उरली होती. गिऱ्हाईक बाहेरून यायला हवे होते, म्हणून मी.

मला घडवले वाचनालयातल्या बेव्हने. बाईंना हवे असलेले नाव दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतले होते. शेवटी 'लेसिया आणि ओरेस्ट' असे ठरले. ओरेस्ट म्हणजे त्यांचा नवरा.

"माझं नाव कशाला? मी नुसते बटाटे सोलतो," तो म्हणाला.

"म्हणून तर तुझं नाव नंतर आहे," लेसियाबाई म्हणाल्या.

फोटो ओरेस्टने काढला. त्यात पेरोगीची कड दुमडणारे लेसियाबाईंचे हात आहेत, आणि कोपऱ्यात ओरेस्टचा अंगठा आलेला आहे. बेव्ह तो कापणार होती. बाई म्हणाल्या, "राहू दे. भागीदार आहे तो."

मग मजकूर. बेव्हने विचारले, "'सर्वांत चविष्ट पेरोगी' असं लिहू?"

"छे गं! माझी नणंद वर्षभर बोलायची नाही माझ्याशी. लिही, 'पेरोगी वाईट होत नाहीत.'"

"अगं, बाहेरच्यांना वाटेल, कधीमधी होतात!"

पण तेच लिहिले गेले. त्या मुलखात स्वतःबद्दल याहून जास्त बोलत नाहीत. मग उघडण्याची वेळ विचारली, तेव्हा बाई म्हणाल्या, "वेळ कसली? ओसरीवरचा दिवा लागला असेल तर या. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे आपल्या गल्लीला! दोन तास गाडी चालवून आलेल्या माणसाने काय करायचं? निदान 'आधी फोन करा' असं तरी टाकू या."

"फोन वाजला की पिठाच्या हातांनी धावायचं? नको. दिवा लावला की मी घरात असते. तो माझा शब्द."

असा तो शब्द माझ्यावर आला.

माझे चांगले दिवस थोडेच होते, पण होते. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकवलेल्या टॅबलेटवर मी दिवसभर उघडी असे. लोकांचे निरोप आले की ओरेस्ट ते मोठ्याने वाचून दाखवी. जानेवारीत, युक्रेनी लोकांच्या जुन्या पंचांगातल्या नाताळाच्या आदल्या दिवशी, ओसरीवर रांग लागे. त्या रात्रीच्या जेवणात पेरोगी हव्यातच. रेजायना शहरातल्या एका बाईंनी लिहिले होते, 'आईने पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातचे खाल्ले आणि नावे ठेवली नाहीत.' लेसियाबाईंनी ते ओरेस्टला पुन्हा वाचायला लावले.

मग शरद ऋतूत त्या आजारी पडल्या. ज्या दिवशी त्यांना सॅस्कटूनच्या इस्पितळात न्यायचे होते, त्या सकाळी त्यांनी जाताजाता दिव्याचे बटण दाबले.

"अगं, आता कशाला?" ओरेस्ट म्हणाला.

"परत येईपर्यंत अंधार पडेल. तू पायरीवर अडखळतोस."

अंधार पडल्यावर ओरेस्ट एकटाच परत आला. काही दिवसांनी त्या गेल्या. दिवा त्याने बंद केला नाही. त्यांनी लावलेला होता ना.

तो बटाटे मात्र सोलत राहिला. सोललेले बटाटे पातेल्यात पाण्यात पडून असत आणि संध्याकाळी तो ते फेकून देई. पीठ कसे मळायचे हे त्याने कधी विचारलेच नव्हते.

जानेवारीत त्या रेजायनाच्या बाई आल्या. हातात बर्फाची पेटी, पापण्यांवर हिमाचे कण.

"पेरोगी नाहीत," ओरेस्ट दारातूनच म्हणाला.

"अहो, पण दिवा लागलाय! वेबसाइटवर लिहिलंय तुम्ही."

"बायकोने लिहिलंय. ती गेली. नोव्हेंबरात."

 बाई पेटी बंद करू लागल्या.

"थांबा," ओरेस्ट म्हणाला.

फ्रीजरच्या तळाशी एकच पिशवी उरली होती. त्या कडा लेसियाबाईंच्या बोटांनी दुमडलेल्या होत्या. त्याने ती बाईंच्या पेटीत ठेवली.

"नको हो, तुम्हाला राहू द्या!"

"तिने शब्द दिला होता. घेऊन जा. आई वाट बघत असेल."

गाडी गेली. मग मला बटणाचा आवाज ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी बेव्ह आली. तिने मला उघडले आणि हळूच विचारले, "ओरेस्ट, 'धंदा बंद आहे' असं लिहू का?"

"काही लिहू नकोस. जे आहे ते खरंच आहे. दिवा लागलेला नाही."

मित्रांनो, इंटरनेटवरच्या माझ्या जागेची मुदत वसंतात संपते. ओरेस्टला ठाऊक आहे. बेव्हने मुदत वाढवू म्हटले, तर तो म्हणाला, "कशासाठी?" मी गेल्यावर फोटोतले ते हातही जातील आणि तो अंगठाही.

मला जपा असे मी म्हणत नाही. माझ्यासारख्या रोज जन्मतात आणि रोज पुसल्या जातात. एवढेच सांगते, की तुमच्या घरात कोणी पीठ मळत असेल तर आज त्याच्या शेजारी उभे राहा आणि हात पिठात घाला. सोललेले बटाटे एकटे काही कामाचे नसतात.

माझ्यावर अजून तेच लिहिलेले आहे, 'दिवा लागला असेल तर या.' ओरेस्ट रोज सकाळी ते वाचतो, मग उठतो आणि बटाटे काढतो.