बाबांच्या तोंडचं वाक्य

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुनी कवळी आहे. आज मी पत्र्याच्या एका डब्यात, शर्टांच्या बटणांच्या संगतीत पडून असते. माझ्यावर कुणी निबंध लिहीत नाही, हे मला ठाऊक आहे. छत्री आपली कहाणी सांगते, पेन सांगतं, जुनं पुस्तक तर थांबता थांबत नाही. मग मीच का गप्प बसू? मला तर बोलण्यासाठीच घडवलं होतं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझे धनी म्हणजे बाबा. त्यांच्या हिरड्यांचा ठसा घेतला, त्यावरून प्लास्टरचा साचा केला आणि कारागिराने मेणात एकेक दात लावायला घेतला. तेवढ्यात ताई आली. ताई म्हणजे बाबांची थोरली लेक.

"पुढचा एक दात जरा वाकडा बसवा," ती म्हणाली.

"अहो ताई, लोक वाकडे सरळ करून घ्यायला येतात!"

"असू दे. बाबांचा तसाच होता. हसले की बाबाच दिसले पाहिजेत."

कारागीर हसला, पण त्याने दात वाकडा बसवला. तो वाकडा दात माझा मोठा मान आहे. इतक्या मायेने मला कुणी कधी मागितलं नाही.

बाबा भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. बाजारात त्यांना सगळे 'भोंगा' म्हणत. शेवटचा भाव पुकारून त्यांनी टेबलावर तीनदा तळहात आपटला, की सौदा पक्का. मग कुणी कितीही दात-ओठ खाल्ले तरी तो फिरायचा नाही. कागदावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कागद फाटतो. चारचौघांत बोललेला शब्द फाटत नाही," असं ते म्हणायचे. घरातले निकालही ते असेच द्यायचे, तीनदा हात आपटून. सगळ्या नात्यागोत्यात ही रीत माहीत होती.

असा माणूस, आणि त्याचेच दात पडले! शब्द नुसते फुसफुसत बाहेर पडू लागले. बाजारातली पोरं नकला करू लागली. बाबा तोंडावर उपरणं धरून घरी बसले. तेव्हा ताईने शर्टांची काजं करून करून मला आणलं. तिच्या बोटाच्या टोकाला सुईने घट्टे पडले होते. मी बाबांच्या तोंडात बसले आणि दुसऱ्या दिवशी बाजार पुन्हा दणाणला. काय ते दिवस होते! मी कडक पाव फोडले, शेंगदाणे चावले, आणि हजार वेळा भाव पुकारले. खरंच सांगते, मी भाग्याची.

रोज संध्याकाळी ताई मला मऊ ब्रशने धुवायची. भांड्याच्या तळाशी आधी फडकं घालायची, म्हणजे हातातून निसटले तरी मी तडकू नये. मी वाटीत पडले की बाबा बोळक्या तोंडाने तिच्याशी बोलत बसायचे. त्या बोलण्यातलं परक्याला अक्षर कळलं नसतं. ताईला सगळं कळायचं.

ताईला दोन धाकटे भाऊ. आई गेली तेव्हा दोघंही लहान होते. ताईने शाळा सोडली आणि काजं हातात घेतली. दोघे शिकले, नोकऱ्यांना लागले, लग्नं करून वेगळे झाले. ताईचं लग्न जमता जमता राहिलं, आणि मग ते जमवायची आठवण कुणाला झाली नाही. ती आणि बाबा त्या तीन खोल्यांच्या घरात राहिले. भावांच्या मनात ते घर विकायचं होतं. बाबांकडे त्यांनी दाताच्या कण्या केल्या, पण बाबा बधले नाहीत.

आणि बाबा तरी कसे! आयुष्यभर ताईला "पाणी आण" म्हणाले. "बरं झालं गं, तू आहेस" असं एकदाही म्हणाले नाहीत. कौतुक करायची वेळ आली की त्यांची दातखीळ बसायची. मी आत होते, मला माहीत आहे.

बाबांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. मुलांनी हॉल घेऊन मोठा कृतज्ञता सोहळा ठरवला. तेव्हा मात्र म्हाताऱ्याने मनाशी काहीतरी पक्कं केलं. रोज न्हाणीघरात आरशापुढे उभं राहून ते एकच बोलणं घोकू लागले. "मी आज उभा आहे तो माझ्या या लेकीमुळे. ही दोन पोरं तिनं वाढवली. मी तिचा ऋणी आहे. हे घर तिचं आहे." पहिल्या दिवशी 'ऋणी' म्हणताना त्यांचा गळा इतका दाटला की मी जागची घसरले. पण हळूहळू ते वाक्य माझ्यात मुरलं. बोलायचं आणि तीनदा हात आपटायचा, की ताईच्या डोक्यावरचं छप्पर कायमचं तिचं.

एकदा ते घोकताना थोरला मुलगा घरी आला होता. न्हाणीघराचं दार म्हणजे काय, पातळ पत्रा. तो दाराबाहेर उभा राहून सगळं ऐकत राहिला आणि बाहेरच्या बाहेर निघून गेला.

सोहळ्याच्या दिवशी हॉलवर तो ताईजवळ आला. मी तिच्या पिशवीत, वाटीत होते.

"ताई, दे ती वाटी. आज बाबांना दात मी बसवतो. इतकी वर्षं तूच केलंस. आज मला करू दे की."

ताईचे डोळे भरून आले. "किती रे गुणाचा तू!" असं म्हणून तिने आपल्या हाताने मला त्याच्या स्वाधीन केलं. त्याने मला रुमालात गुंडाळलं आणि कोटाच्या खिशात, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी टाकलं.

बाबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दात गाडीत राहिलेत, बाबा. आणवतो. तुम्ही बसा तर खरं."

मग भाषणं सुरू झाली. आज आम्ही जे काही आहोत ते बाबांच्या आशीर्वादाने. बाबांनी रक्ताचं पाणी केलं. आम्ही जन्मोजन्मीचे ऋणी. ऋणी म्हणताना कुणाचाही गळा दाटला नाही. ताईचं नाव धाकट्याने एकदाच घेतलं. "जेवणाचं ताई बघतेय, कुणी उपाशी जाऊ नका हं." खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात ना, ते मी त्या दिवशी खिशातून ऐकलं.

शेवटी बाबांनी वाट बघणं सोडलं. ते उठले, त्यांनी माईक ओढून घेतला आणि बोळक्या तोंडाने सगळं वाक्य म्हटलं. एक शब्दही गाळला नाही. पण हॉलभर नुसती फुसफुस पसरली. पुढच्या रांगेतली मुलं फिदीफिदी हसली. बाबांनी टेबलावर तळहात आपटला. एकदा. दोनदा. तीनदा.

थोरल्याने हळूच माईक काढून घेतला.

"बाबा काय म्हणाले ते मी सांगतो. ते म्हणाले, मुलांनी माझे पांग फेडले. घर आता दोघांनी वाटून घ्या. आणि माझ्या लेकीनं फार सोसलं, आता तिनं बायकांच्या एखाद्या चांगल्या वसतिगृहात आराम करावा."

"तीनदा हात आपटला, म्हणजे झालं!" आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची बहीण, तिचा शब्द सगळे मानत. "भोंग्याचा शब्द आहे तो."

टाळ्या पडल्या. ताई दाराशी पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिने जग खाली ठेवला.

"बाबा असं नाही म्हणाले."

थोरला अगदी गोड आवाजात म्हणाला, "मग काय म्हणाले, ताई? ये ना. सांग सगळ्यांना." आणि त्याने माईक तिच्या हातात दिला.

आता सांगा, मित्रांनो, तिने काय करावं? आपलं कौतुक आपल्याच तोंडाने करायचं, आणि घरही आपल्याच तोंडाने मागायचं? ते तिला जन्मात जमलं नव्हतं. माईक नुसता घूं घूं करत राहिला.

"काही नाही," ती म्हणाली.

बाबा टेबलावर हात आपटत राहिले, आपटतच राहिले. लोकांना वाटलं, म्हातारा खुशीत आलाय. त्यांनी त्याच तालावर टाळ्या धरल्या. मी खिशात किल्ल्यांवर आपटत होते. मला दात होते, पण एकालाही चावता येत नव्हतं.

हॉल रिकामा झाल्यावर मी 'सापडले'. "गाडीच्या सीटखाली होती बघा!" दुसऱ्या दिवशी बाबा मला तोंडात बसवून आत्याकडे गेले आणि घडलेलं सगळं स्पष्ट सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं.

"दादा, पोरीनं रडून कान भरले वाटतं तुझे," ती म्हणाली. "तीनदा हात आपटलास आणि आता शब्द फिरवतोस? तूच म्हणायचास ना, तो फाटत नाही?"

बाबांचाच नियम बाबांच्या आड आला. घरी येऊन त्यांनी मला काढलं आणि पुन्हा कधीच घातलं नाही. घर विकलं गेलं. थोरल्याकडे ते पातळ पेज पीत राहिले. तिथे त्यांचं बोलणं कुणालाच कळत नव्हतं, आणि कुणी विचारतही नव्हतं. वर्ष व्हायच्या आत ते गेले. थोरल्याने मला ताईच्या हातावर ठेवलं. "ही तुझीच. तूच जपलीस."

ताई आता वसतिगृहातल्या एका खोलीत खिडकीपाशी बसून काजं करते. मी तिच्या डब्यात असते. गेलेल्या वर्षांकडे बघते तेव्हा मला आधी राग येत नाही, आधी उपकारच आठवतात. वाकडा दात आठवतो, दणाणणारा बाजार आठवतो. न्हाणीघरातलं ते वाक्यही मला अजून तोंडपाठ आहे. तोंड तेवढं नाही.

कधी कधी ताई मला डब्यातून काढून धुते. आता मी कुणाच्याच कामाची नाही, तरी भांड्याच्या तळाशी फडकं घालायला ती विसरत नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर हॉल आणि माईकची वाट बघू नका, मित्रांनो. आज जेवताना सांगून टाका. दात आहेत तोवर.